मकरपुऱ्याच्या सबस्टेशनमध्ये दोन ट्रान्सफॉर्मरच्या मधोमध नुसती भिंत का? ना छत, ना दार!

ती फायर वॉल. पेटलेला ट्रान्सफॉर्मर वाचवणं तिचं काम नाहीच. शेजारचा वाचवायचा असतो. आपल्या बडोद्यात ट्रान्सफॉर्मर बनतात, तरी मोठा ट्रान्सफॉर्मर काही दुकानातून उचलून आणता येत नाही. नवा यायला महिनोन्‌महिने जातात.

ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत इन्सुलेशन आणि थंडाव्यासाठी तेल भरलेलं असतं. आत आर्क झाला, म्हणजे विजेची मोठी ठिणगी पेटली, की त्या तेलाचं विघटन होऊन हायड्रोजन, अ‍ॅसिटिलीन असे वायू तयार होतात. दाब इतक्या झपाट्याने चढतो की प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) उघडूनही पुरा पडेलच असं नाही. टाकी वेल्डिंगवर फाटते, नाहीतर बुशिंग (टाकीतून वीज बाहेर आणणारा इन्सुलेटर) फुटतं आणि चिनी मातीचे धारदार तुकडे गोळीसारखे सुटतात. ते तुकडे, पेटत्या तेलाचे फवारे आणि धग भिंत अडवते. म्हणूनच ती वरच्या कन्झर्व्हेटरपेक्षा (तेलाच्या छोट्या टाकीपेक्षा) उंच आणि बाजूच्या, तेल थंड करणाऱ्या रेडिएटरच्याही पुढे गेलेली दिसेल. छत घातलं तर धूर, उष्णता आणि दाब कोंडेल, शिवाय ट्रान्सफॉर्मर क्रेनने काढणार कसा?

2000 लिटरपेक्षा जास्त तेल असेल आणि दोघांत पुरेसं अंतर नसेल, तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत 4 तास आग झेलणारी भिंत सांगितली होती.

भिंतीइतकाच महत्त्वाचा, पण कुणी न बघणारा, म्हणजे खालचा खडीचा खड्डा. सांडलेलं तेल खडीतून खाली झिरपतं आणि ज्वाळा वरच मंदावते. त्या खडीत माती साचून गवत उगवलं असेल, तर तेल वरच पसरणार, अन् भिंतीच्या टोकाला वळसा घालून शेजारी पोचणार.