बहीण चार महिन्यांपासून बेपत्ता आहे, खाजगी गुप्तहेर नेमावा का?

तुम्ही लिहिलंय की बहीण सासरहून निघून गेली, पोलिसांत मिसिंगची नोंद आहे, पण पुढे काही हलत नाही. मी पुण्यात अकरा वर्षं गुप्तहेराचंच काम केलं, म्हणून सांगते.

नेमा, पण गुप्तहेराला पोलिसांचा कुठलाच अधिकार नसतो. त्याला लायसन्स देणारा कायदाही आपल्याकडे नाही. २००७ चं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झालाच नाही. तेव्हा 'दोन दिवसांत सीडीआर (फोनवर कुणाकुणाशी बोलणं झालं त्याची कंपनीकडची नोंद) काढून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी याच धंद्यापायी काही गुप्तहेरांना अटक केली होती.

मग आम्ही करतो काय? बायकांशी गप्पा मारतो. एका सुनेच्या शोधात मी हप्त्यावर साड्या विकणारी बनून चाळीत तीन दुपारी काढल्या (दोन साड्या खरंच खपल्या). नवऱ्याचं म्हणणं, कुणीतरी पळवलं. शेजारीण सहज बोलून गेली, "तिची भिशी दिवाळीनंतर लागायची, पण अडचण सांगून तिने श्रावणातच उचलली." घरी कपाट बघितलं तर दागिने जागच्या जागी, शाळा सोडल्याचा दाखला मात्र गायब. पळवलेली बाई दाखला कशाला नेईल? दाखला लागतो नोकरीला.

शिवणक्लासच्या मैत्रिणीमार्फत ती सापडली, दुसऱ्या जिल्ह्यात, कपड्यांच्या कारखान्यात. म्हणाली, "जिवंत आहे एवढं आईला सांगा, पत्ता कुणाला देऊ नका." तिथल्याच पोलीस ठाण्यात तिने जबाब दिला, मिसिंग बंद झाली. सज्ञान बाईला कुणी ओढून परत आणू शकत नाही. मी पत्ता दिला नाही. नवऱ्याने उरलेले पैसे बुडवले, ते वेगळं.

म्हणून गुप्तहेराला काम देतानाच लिहून घ्या की सापडल्यावर आधी तिला विचारायचं, मग घरच्यांना. काम सासरच्यांनी नाही, तुम्ही द्या. घातपाताचा किंवा कोंडून ठेवल्याचा संशय असेल तर मात्र गुप्तहेरात वेळ घालवू नका. पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा आणि वकिलाला उच्च न्यायालयातल्या हेबियस कॉर्पसबद्दल (डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज) विचारा.

आणि आज एवढं करा: बहिणीचा दाखला घरात आहे का, ते बघा. भिशीतल्या बायकांना फोन तुम्ही नका करू, आईला करायला सांगा.