दोन्ही प्रती बाबांकडून

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी पूर्ण दिवसांची, तरी जेमतेम पावणेदोन किलोची जन्मली. चौथ्या दिवशी साखर खूप वाढली, इन्सुलिन सुरू झालं आणि अकराव्या आठवड्यात बंदही झालं. जनुकीय अहवालात लिहिलंय, '६व्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती वडिलांकडून'. तेव्हापासून हे स्वतःलाच दोष देतात. आजार परत येईल का?

उत्तर: ताई, आधी एवढं त्यांना वाचून दाखवा: दोष त्यांचा नाही. गुणसूत्रांच्या वाटणीत झालेली ही गफलत कुणाच्या वागण्याने होत नाही.

आपली बहुतेक जनुकं आईकडून एक, वडिलांकडून एक अशी येतात आणि दोन्ही चालतात. काही मोजक्या जनुकांवर मात्र ती कुणाकडून आली याची रासायनिक खूण असते. ६व्या गुणसूत्रावरचं 'पीएलएजीएल१' त्यांपैकीच. त्याची आईकडची प्रत गप्प असते, वडिलांकडची चालू. तुमच्या यजमानांमध्येही त्यांच्या आईकडची प्रत गप्पच आहे. पण शुक्राणू तयार होताना जुन्या खुणा पुसून नव्या पडतात. तुमच्या लेकीला गप्प प्रत मिळालीच नाही. जनुकाचं काम दुप्पट झालं आणि इन्सुलिन कमी पडलं. पोटातल्या बाळाची वाढ इन्सुलिनवर फार अवलंबून असते, म्हणून वजनही कमी.

मी पाहिलेलं असं पहिलं बाळ अजून डोळ्यांसमोर आहे: मोठी जीभ सतत ओठांबाहेर, आणि इन्सुलिनचा डोस इतका कमी की पातळ केल्याशिवाय सिरिंजमध्ये मोजताच येईना. तीन महिन्यांनी तेही इन्सुलिनवाचून घरी गेलं.

तरी 'बरा झाला' असं मी म्हणत नाही, 'थांबला' म्हणते. सुमारे निम्म्या मुलांत मधुमेह पुन्हा डोकं वर काढतो, बहुधा वयात येताना किंवा त्यानंतर. मधल्या काळात तापाच्या आजारपणातही साखर चढू शकते. तेव्हा तपासा, एरवी डॉक्टर सांगतील तेव्हा. रोज बोटं टोचून तिला हैराण करू नका.

दुसऱ्या बाळाची भीती मनात असेल, तर दोन्ही प्रती वडिलांकडून येण्याचा हा प्रकार सहसा पुन्हा घडत नाही. वडिलांकडून आलेला गुणसूत्राचा जादा तुकडा हे कारण असतं, तर उत्तर वेगळं असतं.

अहवाल तिच्या जन्मदाखल्यासोबत ठेवा. गरोदरपणातही हा मधुमेह परतू शकतो. पुढे तशी वेळ आली, तर तिच्या डॉक्टरांना हा अहवाल पहिल्याच भेटीत दिसायला हवा.