होम थिएटरला १२ मीटर एचडीएमआय (चित्र-आवाज नेणारी केबल) भिंतीतनं न्यायची आहे, तांब्याची घेऊ का फायबर?

फायबर घ्या, म्हणजे आत काचेचा धागा असलेली, प्रकाशानं सिग्नल नेणारी एचडीएमआय. पण तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना, "इलेक्ट्रिशियन म्हणतोय पाईप नको, केबल डायरेक्ट झिरीत टाकून वरनं गिलावा करू", ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. त्या माणसाला आजच थांबवा. केबलचं नंतर बघू.

आमच्याकडं हेच झालंय. २०१७ ला कोल्हापूरजवळ कळंब्यात घर बांधलं, खालच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचा हे आधीपासनं ठरलेलं, कारण आमच्या अण्णांना सिनेमाचं वेड. लहानपणी जयप्रभा स्टुडिओच्या गेटबाहेर तासन् तास उभा राहिलेला माणूस, आणि आता गुडघ्यामुळं थिएटरच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. साईट दाजी बघत होते. मी म्हटलं, दीड इंची पाईप टाकूया. दाजी म्हणाले, कशाला, केबल एकदा भिंतीत गेली की २० वर्षं बघायला लागत नाही, उगं पाईपसाठी खोल झिरी मारून भिंत कशाला खराब करायची. इलेक्ट्रिशियन पण त्यांच्याच बाजूनं. मी लहान, गप्प बसलो. १५ मीटरची तांब्याची केबल तशीच गिलाव्यात गेली.

चार वर्षं फुल एचडी एकदम झकास चाललं. मग २०२१ मध्ये फोरके (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा) प्रोजेक्टर आणला, अण्णांच्या पंच्याहत्तरीला. सगळी पै-पाहुणी जमलेली, आत तांबडा-पांढरा तयार, लाईट घालवली, सिनेमा लावला आणि दहा-पंधरा सेकंदाला पडदा काळा. परत येतंय, परत जातंय, मध्येच पांढरे ठिपके चमकतायत. मी रिसीव्हर (बॉक्स आणि प्रोजेक्टरच्या मधला ॲम्प्लिफायर) बंद-चालू कर, पिन काढून घाल, सगळं केलं. अण्णा अर्धा तास शांत बसले, मग म्हणाले, "असू दे रे बाळा, जुनं मशीनच बरं होतं," आणि आत जाऊन झोपले. ते अजून लागतंय मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली, स्ट्रीमिंग बॉक्स उचलून थेट प्रोजेक्टरपाशी नेला आणि २ मीटरच्या साध्या केबलनं जोडला. तासभर चित्र हललं नाही. परत भिंतीतल्या केबलवर आलो आणि बॉक्स १०८० वर, म्हणजे फुल एचडीवर सेट केला, तेव्हा पण स्वच्छ. फोरके ६० (सेकंदाला ६० चित्रं) केलं की काळा पडदा. म्हणजे प्रोजेक्टर चांगला, बॉक्स चांगला, केबलचा दम संपला. फुल एचडीला सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट लागतात, फोरके ६० ला जवळजवळ १८. तांब्यात जेवढं लांब जाईल तेवढा सिग्नल झिजतो, आणि १८ गिगाबिट साध्या तांब्यातनं पाच-सात मीटरच्या पुढं गेलं तर नशीब समजायचं. दाजी आजपण म्हणतात, केबल लोकल होती. नव्हती दाजी, चांगल्यातली होती, पण चांगल्या केबलला पण अंतर असतंय. आणि समजा लोकल असती, तरी पाईप असता तर दहा मिनिटात ओढून बदलली असती का नाही?

त्याऐवजी काय झालं, तर ग्राइंडर आणला, तीन दिवस घरभर धूळ, नवीन रंगाची वाट लागली. केबल निघाली ती तुकड्यातुकड्यात, अंगाला सिमेंट चिकटलेलं, आणि भिंत जिथं सिलिंगला मिळते त्या कोपऱ्यात अशी काटकोनात दाबलेली की वरचं कव्हर पांढरं पडून चिरलं होतं.

आता तुमचं. पाईप ४० एमएम टाका, २५ नको, एचडीएमआयची पिनच २० एमएमच्या आसपास रुंद असते, सरळ जाते पण वळणावर अडकून बसते. एल्बो (काटकोनी जोड) अजिबात नको, लाँग बेंड, म्हणजे गोलाईचं वळण. माप सरळ रेषेत घेऊ नका, भिंत चढून सिलिंगवरनं परत खाली असं दोरीनं मोजा आणि वर एक मीटर धरा, आमचं ९ मीटरचं अंतर असं १३ झालं. आत एक नायलॉन दोरी आणि एक कॅट सिक्स (नेटवर्कची वायर) सोडून ठेवा, उद्या फायबर बिघडली तर एचडीबेसटीचे डबे (एचडीएमआयचा सिग्नल नेटवर्कच्या वायरीतनं नेणारे) दोन्ही टोकांना लावून त्यावर चालवता येतं.

फायबरला दिशा असते, सोर्स लिहिलेली बाजू रिसीव्हरकडं, डिस्प्ले प्रोजेक्टरकडं. उलटी ओढली तर चित्रच येत नाही, म्हणून ओढायच्या आधी जमिनीवर पसरून फोरके ६० वर तासभर चालवून बघा. जास्त मुडपली तर आतली काच तुटते आणि पिनमधली, सिग्नलचा प्रकाश करणारी चिप पण कधीतरी जाणारच, त्यामुळं फायबर घेणाऱ्यानं तर पाईप टाकलाच पाहिजे.

हां, तुमचा प्रोजेक्टर फुल एचडीच असेल आणि पुढं बदलायचा नसेल तर १२ मीटर चांगली तांब्याची चालेल. आणि भिंत चार इंची असेल तर खोल झिरीचं दाजींचं म्हणणं बरोबर आहे, एवढं मान्य. तिथं पाईप भिंतीत न घालता पीओपीच्या वरनं घ्या आणि खाली उतरताना बाहेरनं पट्टी मारा. इलेक्ट्रिशियन तरी ऐकत नसेल तर पाईप स्वतः विकत आणून त्याच्या हातात द्या आणि तो टाकेपर्यंत साईटवरनं हलू नका.