अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य पक्कं रिपब्लिकन, मग राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथलं एक मत डेमोक्रॅट्सना कसं?

कारण तिथे ‘जिंकणाऱ्याला सगळं’ हा नियम नाही. नेब्रास्काची पाच इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं) आहेत. राज्यभरात आघाडी घेणाऱ्याला दोन मिळतात आणि उरलेली तीन, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, एकेका मतदारसंघात जो जिंकेल त्याला. 1992 पासून असंच चालतं. अशी पद्धत असलेलं दुसरं राज्य फक्त मेन.

राज्य म्हणून नेब्रास्काने 1964 नंतर एकदाही डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिलेला नाही. पण त्या तीनपैकी क्रमांक दोनचा मतदारसंघ म्हणजे मुख्यतः ओमाहा शहर आणि उपनगरं. मका नि गुरांच्या पश्चिम नेब्रास्काशी त्याचं राजकीय गोत्र जुळत नाही. 2008 मध्ये ओबामा, 2020 मध्ये बायडन, 2024 मध्ये हॅरिस तिथे जिंकले. 2016 मध्ये मात्र ट्रम्पच. म्हणजे बालेकिल्ला वगैरे नाही, कुंपणावरची जागा आहे. 2024 मध्ये तर ओमाहात अंगणाअंगणात निळ्या (डेमोक्रॅट्सचा रंग) ठिपक्याच्या पाट्या लागल्या होत्या!

त्याच वर्षी, निवडणूक तोंडावर असताना, रिपब्लिकन नेत्यांनी नियम बदलायचा घाट घातला. राज्याच्या विधिमंडळातले ओमाहाचे सदस्य माइक मॅकडॉनेल, जे काही महिन्यांपूर्वीच डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते, तेच आडवे आले आणि बेत बारगळला.