पुण्यात जपानी मेपलची गुटी

बोन्सायसाठी जपानी मेपलच्या अंगठ्याएवढ्या जाड फांदीवर एप्रिलमध्येच गुटी बांधावी का, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून वेगळं झाड करायला घ्यावं का, असा प्रश्न आहे. जूनचा पहिला चांगला पाऊस होईपर्यंत थांबा. थंड देशांत पहिली पालवी निबर झाली की लगेच बांधतात, पण पुण्यात त्याच सुमारास पारा चाळिशीकडे जातो आणि मेपलची पानं कडेने करपतात. मुळं फुटायला लागणारी साखर पानांतूनच येते. त्यामुळे करपलेल्या झाडावर गुटी बांधण्यात अर्थ नाही. झाड मुळात अशक्त असेल तर हे वर्ष सोडून द्या.

लाल, बारीक चिरलेल्या पानांच्या जाती बहुधा कलमी असतात आणि स्वतःच्या मुळांवर सावकाश वाढतात. साधी हिरव्या पानांची फांदी सोपी जाते.

सगळी मदार साल काढण्यावर आहे. फांदी २ सेंमी जाड असेल तर ३ ते ४ सेंमी रुंदीचं कडं सोलायचं. वरचा काप नव्या पात्याने, एका झटक्यात घ्या, कारण मुळं त्याच कडेतून फुटतात. पुढे हीच बोन्सायची नेबारी, म्हणजे बुंध्याशी पसरलेली दिसणारी मुळं, होणार. झाड कुंडीत तिरकं बसवायचं असेल तर कापही त्याच हिशेबाने तिरका घ्या. साल निघाल्यावर लाकडावर जो बुळबुळीत ओला थर उरतो, तो पात्याच्या पाठीने पूर्ण खरवडून काढा. बोटाला लाकूड कोरडं आणि टणक लागलं पाहिजे. मेपलची गुटी फसते ती मुख्यतः इथेच: थर थोडा जरी राहिला तरी साल खालपर्यंत पुन्हा जुळते, साखर पूर्वीसारखी खाली जाते आणि मुळं फुटायचं कारणच उरत नाही.

वरच्या कडेला आयबीएची (मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाची) पावडर लावा. स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) रात्रभर भिजवून घट्ट पिळा, पाणी ठिबकता कामा नये. कापाच्या वर ३ सेंमीपर्यंत येईल असा संत्र्याएवढा गोळा दाबून बसवा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक आणि बाहेरून अॅल्युमिनियम फॉइल. पावसाळ्यात खोडावरून ओघळणारं पाणी वरून आत शिरतं आणि मॉस कुजतं. म्हणून वरची गाठ अगदी घट्ट मारा आणि खाली सुईने दोन-तीन भोकं पाडा. फांदी बांबूला बांधा, वाऱ्याने हलली तर कोवळी मुळं तुटतात.

महिन्याभराने फॉइल काढून बघत जा. मुळं दिसायला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. पानं हिरवीगार आहेत, कडेला गाठी जाड झाल्यात, पण मुळं नाहीत, असं असेल तर गुटी उघडा, साल जुळली असेल तिथे पुन्हा खरवडा आणि नवं मॉस बांधा. मॉस काळं पडून वास मारत असेल तर ते कुजलंय, लगेच बदला.

पहिली पांढरी मुळं दिसताच तोडायची घाई नको. ती तपकिरी होऊन त्यांना उपमुळं फुटू द्या. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तेवढं झालं तर तोडा, नाहीतर ऑक्टोबरचा उष्मा सरेपर्यंत आईच्या झाडावरच राहू द्या.

गुटीच्या खाली करवतीने कापा. मॉस ओढून काढू नका. कुंडीत भरायला ३ ते ५ मिमी चाळलेले विटांचे तुकडे दोन भाग आणि धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग पुरे. खोड तारेने कुंडीला पक्कं बांधा, ५० टक्के सावलीच्या जाळीखाली ठेवा आणि नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नका. खडकवासल्याचं नळाचं पाणी चालतं. बोअरचं क्षारयुक्त पाणी दिलं तर पानांच्या कडा जळतात. मॉस सोडवणं, खाली जाणारी मुळं छाटणं आणि उरलेली चहूबाजूंना पसरवणं हे काम पुढच्या फेब्रुवारीत, डोळे (पालवीचे कोंब) फुगण्याआधी करा. खालचा ठोंबही तेव्हाच मुळांलगत कापा.

मूळ झाडावर उरलेला खुंट मात्र खालच्या पहिल्या जिवंत डोळ्यापर्यंत लगेच कापून जखमेवर पेस्ट लावा, नाहीतर तो वाळत खोडापर्यंत जातो.