थीम बदलल्याने कॉम्प्युटर स्लो होतो का?

रंग, आयकॉन, साधा वॉलपेपर बदलल्याने काहीही फरक पडत नाही. डार्क थीमनेही वेग वाढत नाही. ओलेड स्क्रीन (जिच्यात काळा भाग प्रकाशच देत नाही) असेल तर बॅटरी थोडी वाचते, एवढंच.

ही भीती मुख्यतः व्हिस्टाच्या काळातली. 2007 साली आलेल्या त्या विंडोजची काचेसारखी दिसणारी एअरो थीम नीट चालायला 128 एमबी ग्राफिक्स मेमरी लागायची, आणि तेव्हाच्या बऱ्याच लॅपटॉपांना ते झेपत नव्हतं. आताही प्रत्येक खिडकीचं चित्र मेमरीत वेगळं ठेवलं जातं आणि ती चित्रं एकावर एक रचायचं काम ग्राफिक्स चिप करते. फुल एचडी आकाराच्या एका खिडकीला साधारण 8 एमबी लागतात. ब्राउझरचा एक टॅब याहून कितीतरी जास्त खातो!

खरा भार हलत्या वॉलपेपरचा आणि थीम बदलून देणाऱ्या बाहेरच्या सॉफ्टवेअरचा. ती मागे सतत चालू राहतात. टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती ताकद खातोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून सीपीयू म्हणजे प्रोसेसर आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप यांचे रकाने बघा, चोर तिथेच सापडेल.

मशीन खूपच जुनं असेल तर विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स इथे जाऊन पारदर्शकता आणि ॲनिमेशन बंद करा. खिडक्या लगेच उघडल्यासारख्या वाटतील. त्यातला बराचसा भाग भासाचा असतो; मशीनचा वेग फारसा वाढत नाही, फक्त ॲनिमेशन संपेपर्यंतचं थांबणं वाचतं. विंडोजच्या जुन्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये (इफेक्ट्सच्या यादीची खिडकी) सगळ्याच टिकच्या खुणा काढल्या तर अक्षरं खडबडीत दिसतात; फॉन्टच्या कडा गुळगुळीत करणारी खूण तेवढी राहू द्या.