वकील, सैनिक आणि आमदार: लिंकनला हे तिन्ही कसं जमलं?

तुम्ही विचारलंय की राष्ट्राध्यक्ष होण्याआधी अब्राहम लिंकन वकील, सैनिक आणि आमदार होता, तर एकाच माणसाला हे सगळं जमलं कसं? मी त्याच्याबद्दल जे वाचलंय त्यावरून सांगतो: ही तीन वेगळी आयुष्यं नव्हतीच. भोवतालची माणसं तीच होती.

१८३१ मध्ये तो इलिनॉय राज्यातल्या न्यू सालेम या खेड्यात दुकानावर कामाला आला. तिथल्या दांडगट पोरांचा म्होरक्या जॅक आर्मस्ट्राँग. त्याच्याशी कुस्ती झाली आणि कुस्तीतूनच दोस्ती जमली. पुढच्या वर्षी ब्लॅक हॉक या मूळ अमेरिकी सरदाराविरुद्धच्या युद्धासाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या राहिल्या, तेव्हा कॅप्टन कोण हे शिपायांनीच मत देऊन ठरवलं. निवडून आला लिंकन, आणि जॅक त्याचा सार्जंट झाला. तीनेक महिन्यांत लढाई त्याच्या वाट्याला आलीच नाही. पण याच मोहिमेत जॉन स्टुअर्ट हा वकील भेटला. त्याने कायद्याची पुस्तकं वाचायला दिली, पुढे भागीदारही केलं.

मोहिमेवरून परतल्यावर प्रचाराला जेमतेम काही दिवस उरले होते. १८३२ ची विधिमंडळाची निवडणूक तो हरला, पण त्याच्या गावच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्यालाच पडली! १८३४ मध्ये जिंकला आणि सलग चार वेळा निवडून आला. वकिलीची सनद मिळाली १८३६ मध्ये, म्हणजे आमदारकी आधी आणि वकिली नंतर.

आमदार म्हणून मला सगळ्यात मोठी वाटते ती १८३७ ची गोष्ट. गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव सभागृहाने ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. लिंकन त्या सहांत होता. नंतर डॅन स्टोन या सहकाऱ्यासोबत त्याने गुलामगिरी अन्यायावर उभी आहे असं लेखी नोंदवलं. मात्र हाच लिंकन १८४७ मध्ये एका गुलाममालकाचा वकील म्हणून उभा राहिला. तो खटला तो हरला, पण त्याने ते वकीलपत्र घेतलं हेच मला आजही पचत नाही.

आता पुन्हा आर्मस्ट्राँगांकडे. जॅकची बायको हॅना हिने पडत्या दिवसांत लिंकनला जेवू घातलं होतं, त्याचे कपडे शिवून दिले होते. १८५८ मध्ये तिचा मुलगा डफ खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभा होता. जॅक तोवर वारला होता. लिंकन तेव्हा सिनेटच्या लढतीत उतरत होता, तरी तो बीअर्ड्सटाउनला गेला. साक्षीदार म्हणत होता, चंद्र डोक्यावर होता, दीडशे फुटांवरून सगळं स्वच्छ दिसलं. लिंकनने घटना घडली त्या वर्षीचं, म्हणजे १८५७ चं पंचांग पुढे ठेवलं. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता.

डफ सुटला. हॅनाकडून लिंकनने फी म्हणून एक सेंटही घेतला नाही.